पिसारी पतंगांची ओळखपरेड

टेरोफोरिडी कुलातील पतंगांना मराठीत पिसारी पतंग म्हणतात. पुढचा पंख दोन फाट्यांचा, मागचा तीन फाट्यांचा, कडांना लांब खवल्यांची झालर, पाय लांब व काटेरी. शिवाय बसताना पंख गुंडाळून शरीराशी काटकोनात धरण्याची सवय. एवढ्यावरून कुल ओळखता येते. ॲग्डिस्टिस प्रजातीचे पंख मात्र चिरलेलेच नसतात. खरी अडचण कुल ठरल्यानंतर सुरू होते, कारण या कुलात हजाराहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक करड्या, तपकिरी किंवा पांढुरक्या आहेत.

लिनीयसने 1758 मध्ये सहा जातींना नावे दिली, ती पंखांच्या फाट्यांच्या, म्हणजे ‘बोटांच्या’ संख्येवर: एकबोटी, दुबोटी, असे करत सहाबोटीपर्यंत. हा हिशेब टिकला नाही. पहिल्या पाचही जातींचे पंख दोन आणि तीन असेच विभागलेले आहेत. सहाव्या जातीच्या चारही पंखांना सहा-सहा पिसे असतात आणि ती आज अल्युसिटिडी या वेगळ्याच कुलात गणली जाते. बोटांवर मोजून जात ठरत नाही हे कळल्यावर एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासक पंखांवरील शिरांकडे वळले.

भारतातील पिसारी पतंगांचा अभ्यास काही प्रमाणात लष्करी छावण्यांतून सुरू झाला. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना करणाऱ्या आठ जणांपैकी एक असलेले चार्ल्स स्विनहो लष्करी अधिकारी होते. मुंबई व दख्खनमधील पतंग-फुलपाखरांवरचा त्यांचा लेख 1885 साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या इतिवृत्तात आला. तुरीवरच्या पिसारी पतंगाला ‘ॲटोमोसा’ हे जातिनाम लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी त्याच वर्षी दिले. आता तो एक्झेलास्टिस ॲटोमोसा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील तूर उत्पादकांना या कुलातील हीच एक जात चांगली ठाऊक आहे. तिची केसाळ अळी शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडून बाहेर राहूनच दाणा खाते. कोषही शेंगेवरच होतो आणि तो दिसायला अळीसारखाच असल्याने नवख्याला फसवतो.

नावे देण्यात सर्वांत पुढे होते इंग्लंडमधील मार्लबरो कॉलेजचे शिक्षक एडवर्ड मेरिक. त्यांनी सूक्ष्म पतंगांच्या 14 हजारांहून अधिक जातींची वर्णने केली. त्यांची भिस्त हातातल्या भिंगावर आणि पंखांच्या शिरांवर होती. जननांगांच्या रचनेला त्यांनी महत्त्व दिले नाही. कामाचा उरक अफाट, पण त्याची किंमत नंतरच्या पिढीने मोजली. लंडनच्या संग्रहालयातील मेरिक यांच्या मूळ नमुन्यांची छायाचित्रांसह सूची जे. एफ. गेट्स क्लार्क यांनी 1955 पासून पुढे अनेक खंडांत तयार केली, तेव्हा कुठे त्यांतील बऱ्याच नावांमागचा पतंग नेमका कोणता, हे इतरांना तपासता येऊ लागले.

टी. बेनब्रिग फ्लेचर यांची वाट वेगळी होती. ब्रिटिश नौदलातील या हिशेबनिसाने 1909 मध्ये सिलोनच्या पिसारी पतंगांवर प्रबंध लिहिला आणि पुढे बिहारमधील पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. अळ्या पाळायच्या, त्या कोणत्या झाडावर वाढतात ते टिपायचे आणि त्यांतून बाहेर आलेला पतंग जतन करायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे पंख झिजलेल्या पतंगाचीही ओळख खाद्यवनस्पतीच्या आधाराने पटू शकते. शेतीच्या दृष्टीने ही नोंद मेरिक यांच्या शेकडो वर्णनांपेक्षा उपयोगी ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकात अखेरचा शब्द जननांगांचा ठरला. पतंगाचे पोट कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात घालून मऊ भाग विरघळवतात, उरलेला कठीण सांगाडा रंगवून काचपट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ब्रिटिश पिसारी पतंगांच्या अशा आकृत्या पियर्स आणि मेटकाफ यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केल्या. या कुलात एक गंमत आहे: अनेक प्रजातींत नराच्या जननांगांची डावी व उजवी पकड सारखी नसते. एकच बाजू रेखाटलेली जुनी आकृती अशा ठिकाणी अपुरी पडते.

डच अभ्यासक सीस गिलिस यांनी 1993 मध्ये प्रजातींची फेरमांडणी केली आणि 2003 मध्ये जागतिक सूची छापली. त्यानंतर डीएनएच्या ठरावीक तुकड्याची तुलना करण्याची पद्धत मदतीला आली. मादी व नर यांची जोडी लावणे किंवा सुटी अळी ओळखणे तिने सोपे झाले; मात्र ज्या जातीचा खात्रीने ओळखलेला नमुना संदर्भसंग्रहात नाही, तिच्यासाठी आजही पोट विरघळवूनच पाहावे लागते.