झाडाची किंमत कोण मोजतं?

आज आम्ही मुर्ध्याच्या बायका झाडाच्या किमतीची गोष्ट सांगणार आहोत.

आपल्या आज्यांना हा हिशोब तोंडपाठ होता. चिंच वर्षभराच्या कालवणाला, कैरी लोणच्याला, वाळक्या फांद्या चुलीला. खाडीकाठची तिवरं भरतीचा जोर अडवायची आणि त्यांच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढायची. पण हा हिशोब कुठल्या वहीत चढला नाही. झाड पडलं की भाव व्हायचा तो फक्त लाकडाचा.

१९७५ साली महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. झाड तोडायला परवानगी लागू लागली. २०२१ मध्ये त्यात बदल झाला. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची असं ठरलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत रुपयांत मांडली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, त्याचा तो खटला. समितीने सांगितलं, एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे, २०,००० जैविक खताचे. शंभराहून बरीच जास्त वर्षं जगणाऱ्या वारसा वृक्षाची किंमत एक कोटीच्याही वर जाऊ शकते. तरीही २०२३ मध्ये ती झाडं तोडायला परवानगी मिळाली. म्हणजे आकडा लिहिला गेला, पण झाडं वाचली नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा इथे होणार होती. घरं आणि शेतं जाणार म्हणून गावांनी विरोध केला. मग जागा उत्तनजवळच्या डोंगरीला हलली, आणि २०२५ मध्ये तिथली बारा हजारांहून जास्त झाडं तोडण्याची नोटीस निघाली. आपल्याला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोला? पण समितीचा भाव लावून बघा. बारा हजार झाडांचे वर्षाला जवळजवळ ८९ कोटी रुपये होतात. आपल्या दारातलं संकट टळलं, ते शेजारणीच्या दारात गेलं.

मेट्रो आपल्यालाही हवी आहे. गर्दीच्या लोकलला लोंबकळणाऱ्या लेकी आपल्याच आहेत. पण प्रकल्पाचा खर्च मांडताना सिमेंट-लोखंडाशेजारी झाडांचीही ओळ हवी. सावली गेली की पंख्याचं बिल वाढतं, पाणी मुरलं नाही की घरात शिरतं. तो खर्च शेवटी आपल्याच घरातून जातो.

म्हणून मैत्रिणींनो, झाड तोडण्याची नोटीस लागली की ती वाचा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. आज्यांचा हिशोब तोंडीच राहिला. आपला कागदावर यायला हवा.