पाटलीण, राजदूत आणि राष्ट्रपती

बंगळूरच्या सरकारी कचेऱ्यांत दिवस काढणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस एक मौज नित्य अनुभवास येते. वरिष्ठ अधिकारी स्त्री असो वा पुरुष, कन्नड सहकारी 'अधिकारिगळु बंदरु' एवढे बोलून मोकळा होतो. आदरार्थी क्रियापद दोघांस एकच. आम्हांस मात्र 'आले' की 'आल्या' हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे करता येत नाही.

पदांची स्त्रीरूपे मराठीस नवी नाहीत. परंतु त्यांतील कित्येक पत्नीची होती. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको; गावचा वसूल तिच्या हाती नसे. फ्रेंच भाषेतही हीच रीत. तेथे 'आंबासाद्रिस' म्हणजे राजदूताची पत्नी. पुढे स्त्रिया स्वतः अधिकारावर आल्या, तेव्हा अनेकींनी पुल्लिंगी पदनामच पसंत केले. स्त्रीरूपावर नवऱ्याची छाया होती. १९८६ साली फ्रेंच सरकारने स्त्रीरूपे वापरण्याचे परिपत्रक काढले. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने ती मान्य करावयास मात्र २०१९ साल उजाडले. इंग्रजीची वाट उलटी. फ्रेंचांकडून आलेला प्रत्यय लावून तिने 'ऑथरेस' बनविली, आणि पुढे 'ऑथर' हाच शब्द दोघांस पुरेसा मानला.

आपल्याकडे हा प्रश्न व्याकरणापुरता नव्हता. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. १९७० साली त्या हंगेरीत राजदूत झाल्या. येथे राजदूत म्हणजे त्या स्वतःच. तरीही विवाहापूर्वी स्त्री अधिकाऱ्याने सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा त्या सेवेचा नियम होता. पुरुषास तो नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कठोर ताशेरे ओढले. 'मूर्ती' हा शब्द स्त्रीलिंगी. पण त्यामुळे कोणा पुरुष न्यायमूर्तींस कमीपणा वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२००७ साली प्रतिभाताई पाटील त्या सर्वोच्च पदावर आल्या, तेव्हा 'राष्ट्रपती'तील 'पती'वरून बराच खल झाला. पती म्हणजे येथे स्वामी, अधिपती; तो शब्द टिकला, आणि मराठी वाक्य सहज झाले: 'राष्ट्रपती आल्या.' पद आहे तसेच राहिले, बाई क्रियापदातून दिसल्या.

आमच्या मते हीच वाट बरी. उद्या टिपणी लिहिताना 'अधिकारी आल्या' असे लिहावे. ते व्याकरणासही धरून आहे आणि न्यायासही.