तेरेखोलपलीकडची परवानगी

तेरेखोल नदीच्या अलीकडे आरोंदा, पलीकडे पेडणे महाल. दोन्हीकडे सोयरीक एकच, बोली एकच, दशावतारही एकच. तरी १९६१ पर्यंत एक मोठा फरक होता. आरोंद्याच्या माणसाला लेकीची लग्नपत्रिका छापायची तर तो सावंतवाडीला जाई, मजकूर देई आणि गठ्ठा घेऊन घरी येई. पेडण्याच्या सोयऱ्याला तोच मजकूर आधी पोर्तुगीज सेन्सॉरला दाखवावा लागे. वधूवरांची नावं, मुहूर्त आणि कुलदेवतेची कृपा यांत सरकारने तपासावं असं काय होतं? तरीही शिक्का लागे.

या शिक्क्याची वंशावळ जुनी आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच आला. पण १७५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तिथे छपाईवरच बंदी घातली आणि ती १८२१ पर्यंत टिकली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हा गोव्याला मोकळा श्वास मिळाला. केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंचं ‘भारत’ निघू लागलं ते याच काळात. पुढे १९२६ मध्ये लिस्बनला लष्कराने सत्ता घेतली, सालाझार वर आला आणि ११ एप्रिल १९३३ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिच्यात अभिव्यक्तीचा हक्क लिहिलेला होता. त्याच तारखेच्या दुसऱ्या एका फर्मानाने वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसवली. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं, तेही एकाच दिवशी. सेन्सॉर निळ्या पेन्सिलीने ओळी खोडत असे आणि वर्तमानपत्राला ‘सेन्सॉरने पाहिले’ अशा अर्थाची ओळ स्वतःच्याच पानावर छापावी लागे.

सालाझारला आपल्याकडे सर्रास फॅसिस्ट म्हटलं जातं. गोव्यातल्या सत्याग्रहींनी ज्या लाठ्या खाल्ल्या, त्या पाहता हा शब्द तोंडात येणं स्वाभाविक आहे. त्याच्या राजवटीत एकच पक्ष होता, गुप्त पोलिस होते, तरुणांच्या गणवेशातल्या संघटनाही होत्या. पण हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक गर्दीला बिचकून असे. पोर्तुगालमधल्या खऱ्या फॅसिस्ट चळवळीवर त्यानेच १९३४ मध्ये बंदी घातली. मुसोलिनी मुळात संपादक होता. त्याला रिकामं पान नको होतं, सगळ्या पानांवर आपलाच जयघोष हवा होता. जर्मनीत १९३३ च्या संपादक कायद्याने तर संपादक कोणत्या वंशाचा असावा हेही ठरवलं. फॅसिझमला माणूस रस्त्यावर, गणवेशात, घोषणा देताना हवा असतो. हुकूमशाहीला तो घरात गप्प बसलेला चालतो. गोव्यात सालाझारला मुख्यतः शांतता हवी होती, म्हणून मी त्याच्या गोव्यातल्या कारभाराला हुकूमशाही म्हणेन. हा भेद केल्याने त्याचं पाप तसूभरही कमी होत नाही. त्याच्याशी लढायचं कसं, ते मात्र कळतं.

आणि ते आंबोलीला कळलं होतं. जिथे शांतता लादलेली असते तिथे आवाज हेच हत्यार. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीच्या डोक्यावरच्या त्या जंगलातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे भूमिगत नभोवाणी केंद्र सुरू झालं. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला त्याच तारखेला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो कोंकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या देत. आंबोलीचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला तिथल्या चिखलात, जळवांत यंत्रं कोरडी ठेवणं म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं, पण आवाज डिसेंबर १९६१ पर्यंत थांबला नाही. निळी पेन्सिल कागदावर चालते, हवेवर चालत नाही. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. आंबोलीला धबधबा पाहायला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

नदीच्या अलीकडे सगळं आलबेल होतं असं नाही. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा कंपनी सरकारचे छपाईवरचे निर्बंध होतेच. १८३५ मध्ये मेटकाफने ते सैल केले. पुढे इंग्रजांनी १८७० मध्ये राजद्रोहाचं कलम आणलं, १९१० मध्ये छापखान्यांकडून जामिनाची रक्कम घेण्याचा कायदा केला. टिळकांना लेख छापून झाल्यावर मंडालेला नेलं. इंग्रज बहुधा छापल्यावर मारत आणि पोर्तुगीज छापण्याआधीच.

स्वतंत्र भारताने छापण्याआधीची ती रीत १९७५ मध्ये उचलली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली, दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि लगोलग सेन्सॉर बसला. गोवा सत्याग्रहात सालाझारच्या पोलिसांचा मार खाल्लेले मधू दंडवते तेव्हा राजापूरचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचेही खासदार होते. त्यांना बंगळुरूला अटक झाली. एकाच माणसाने दोन्ही राजवटी अंगावर घेतल्या. मुंबईत संपादक मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध कोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारवरची टीका सरसकट पुसण्याचा अधिकार सेन्सॉरला नाही असा निकाल दिला. आणीबाणीला फॅसिझम म्हणणं मला पटत नाही. ती हुकूमशाही होती. १९७७ मध्ये निवडणूक झाली, सत्ता हरली आणि पायउतार झाली. कोकणाने दंडवत्यांना पुन्हा निवडून दिलं.

लोकानुनयाची तऱ्हा वेगळी. तो मतपेटीतून येतो. नेता म्हणतो, मीच जनता, मधे हे पत्रकार कोण? अर्जेंटिनात पेरॉन निवडून आला आणि १९५१ मध्ये ‘ला प्रेन्सा’ हे मोठं दैनिक सरकारने काढून घेऊन कामगार संघटनेच्या हाती दिलं. अशा राजवटीला निळी पेन्सिल लागतेच असं नाही. कागदाचा कोटा, जाहिराती आणि ‘हे विकले गेलेत’ हे वाक्य पुष्कळदा पुरतं. छापलेलं वाचलं तरी त्यावर विश्वास बसू नये, एवढी व्यवस्था केली की झालं. आणि मग पत्रकारावर हात टाकायला सरकारही लागत नाही. कोणीही टाकतो.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी छापून आली. बारसूच्या नियोजित रिफायनरीच्या जमिनींच्या व्यवहारात असलेल्या एका माणसाबद्दल ती होती. त्याच दिवशी वारिशेंना गाडीने चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमीत ज्याचं नाव होतं त्यालाच पोलिसांनी खुनाच्या गुन्ह्यात अटक केली. तालुक्याचा वार्ताहर ज्याच्याविरुद्ध लिहितो तो माणूस त्याला रोज बाजारात दिसतो. पाठीशी ना मोठं दैनिक, ना वकील. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्येच मंजूर केला होता. वारिशेंच्या बातमीला कुणाच्याही शिक्क्याची गरज पडली नव्हती.