हळद उतरल्यावर या

साताऱ्याच्या आमच्या स्टुडिओत पणजोबांच्या वेळचा एक नियम होता. नव्या जोडप्याने फोटोला यायचं ते अंगावरची हळद उतरल्यावर. यात सोवळंओवळं काही नव्हतं. तेव्हाच्या साध्या काचेला, म्हणजे काचेच्या निगेटिव्हला, मुख्यतः निळा प्रकाश कळे. पिवळं आणि लाल तिच्या लेखी अंधारच. हळदीने उजळलेली नवरी तिच्यावर काळवंडून उमटायची. फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1873 मध्ये काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश टिपायला शिकवलं, पण त्या सुधारलेल्या काचांनाही लाल दिसत नव्हतं. तुमच्या पणजीच्या फोटोत कुंकू काळं आहे ना, ते त्यामुळे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. तरी घरंदाज बाईने परपुरुषासमोर, तेही त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरायला फार वेळ लागला. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो याचसाठी. फोटोने आयुष्य कमी होतं, ही भीती होतीच.

लग्नमंडपात तर फोटो निघणं कठीणच होतं. गोरज मुहूर्ताच्या संधिप्रकाशात काचेवर काय उमटणार? म्हणून जोडीचा फोटो लग्नानंतर, सवडीने, दिवसाउजेडी काढायचा. स्टुडिओचं छप्पर उत्तरेकडून काचेचं असे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि बाग. खुंटीवर स्टुडिओचाच कोट, कारण सगळ्यांकडे कोट नसे. नवरा खुर्चीत, बायको नऊवारीत शेजारी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. या मांडणीत नवऱ्याचा मान होता हे खरंच, आणि मला ते आवडत नाही. पण काही सेकंद न हलता राहायचं, तर उभ्या माणसालाही हाताला आधार हवा, हेही तितकंच खरं.

पणजोबांचं खरं कसब याच्या आधीचं. जोडप्याबरोबर सासूबाई, दीर, आत्या असा सगळा गोतावळा येई. ते सगळ्यांना नम्रपणे सांगत, “उजेड अडतोय, जरा ओसरीवर बसा.” मग नवरीला म्हणत, “वहिनी, पदर सारखा करा, मी काच भरून आणतो.” आणि डार्करूममध्ये जात. काच भरायला वेळ लागत नाही. ते मुद्दाम थांबत. एकत्र कुटुंबात ज्यांना दिवसाउजेडी चार शब्द बोलता येत नव्हते, त्यांना तेवढी मिनिटं मिळत. बाहेरून दोन माणसांचा आवाज आला की मगच ते काच घेऊन येत. आजोबांनी मला हे सांगितलं तेव्हा ते अगदी गंभीर होते. टचिंगच्या पेन्सिलीने सुरकुती पुसता येते, अवघडलेपण पुसता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

पुढे फ्लॅशचे बल्ब आले आणि फोटोग्राफर मंडपात शिरला. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, कन्येची पाठवणी यांत प्रत्येक फोटो मोजून खर्चायचा. स्टुडिओतली जोडी मागे पडली, आणि तिच्याबरोबर ती मिनिटंही.

आज माझ्याकडे साखरपुडा झालेली मुलं-मुली येतात ती कासच्या पठारावरच्या शूटची यादी घेऊन. कपडे, रंगसंगती, गाणं, सगळं ठरलेलं. त्यांना बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, तरी लेन्स समोर आली की खांदे ताठ होतात. मी त्यांना आधी एकदा नुसतं बोलावते, कॅमेरा कपाटात ठेवून. चहा पाजते, आणि काहीतरी काम काढून आत निघून जाते.

लग्न ठरलेल्यांना माझी एवढीच विनंती आहे: शूटच्या दिवशी नातेवाइकांना आणि मित्रांना घरी ठेवा, आणि फोटोग्राफरकडे पहिला अर्धा तास बिनफोटोचा मागून घ्या.