पोर्टलांची तुलना आणि संहितेचे स्थैर्य

एखाद्या संस्थेला आपला लेखनव्यवहार सांभाळण्यासाठी संगणकीय प्रणाली निवडावयाची झाली, की प्रथम तुलनापत्रक तयार होते. एका बाजूस प्रणालींची नावे, दुसऱ्या बाजूस त्यांची वैशिष्ट्ये आणि शेवटी गुणांची बेरीज, अशी त्याची रचना असते. परंतु पूर्वी ज्या प्रणालींची अशी तुलना झाली, त्यांचे पुढे काय झाले, याचा विचार या पत्रकांत क्वचितच आढळतो. तो केल्यास तुलनेचे निकषच पुन्हा तपासून घ्यावे लागतात.

प्रथम दोन संज्ञांचा भेद स्पष्ट करणे इष्ट होय. आशय-व्यवस्थापन प्रणाली लेखनाचा सांभाळ करते. मजकूर कोणी लिहिला, कोणी मान्य केला, त्याची कोणती आवृत्ती प्रसिद्ध झाली, याची नोंद तीत राहते. पोर्टल हे प्रवेशद्वार होय. अनेक प्रणालींतील माहिती ते एका ठिकाणी आणते आणि ज्याला जेवढा अधिकार तेवढी दाखविते. पहिल्या वर्गात डॉक्युमेंटम ही संस्था १९९० मध्ये, तर व्हिन्येट आणि इंटरवोव्हन या संस्था १९९५ मध्ये स्थापन झाल्या. दुसऱ्या वर्गातील प्लमट्री ही संस्था १९९६ मधील आहे.

व्हिन्येट आणि इंटरवोव्हन यांच्यातील भेद केवळ सोयींचा नव्हता. 'पृष्ठ म्हणजे काय' या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरेच भिन्न होती. व्हिन्येटच्या स्टोरीसर्व्हरचे मूळ सीनेट या वृत्तसंस्थेने स्वतःसाठी रचलेल्या प्रणालीत होते. तेथे मजकुराचे घटक माहितीकोशात सुटे राहत आणि साच्यांच्या द्वारे त्यांचे पृष्ठ बने. इंटरवोव्हनच्या टीमसाइटने मात्र आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळण्याची रीत उचलली होती. तेथे पृष्ठ ही एक धारिका असे आणि तिच्या शाखा व आवृत्त्या जतन होत. एकीत वाक्य प्रत्येक वेळी नव्याने रचले जाते, तर दुसरीत ते सिद्ध स्वरूपात साठविलेले असते, असे म्हणावयास हरकत नाही. प्रणाली सोडण्याची वेळ आली म्हणजे हाच भेद निर्णायक ठरतो. धारिका उचलून नेता येते. सुट्या घटकांचा परस्परसंबंध मात्र साच्यांतच गुंतलेला राहतो.

पुढे दोन वर्गांमधील सीमाही पुसट झाली. २००२ मध्ये व्हिन्येटने एपिसेंट्रिक ही पोर्टल रचणारी संस्था विकत घेतली. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर आणला आणि शेअरपॉइंटच्या २००७ च्या आवृत्तीत आशय-व्यवस्थापनाचे कार्यही त्यातच सामावून घेतले. त्यानंतर मालकी पालटू लागली. प्लमट्री २००५ मध्ये बीईएकडे आणि बीईए २००८ मध्ये ओरॅकलकडे गेली. व्हिन्येट २००९ मध्ये ओपन टेक्स्ट या कॅनडातील संस्थेने घेतली. त्याच वर्षी इंटरवोव्हन ऑटोनॉमीकडे गेली आणि २०११ मध्ये ऑटोनॉमी ह्यूलेट-पॅकार्डने विकत घेतली. २००३ पासून ईएमसीकडे असलेली डॉक्युमेंटम २०१७ मध्ये ओपन टेक्स्टकडे आली. टीमसाइट तत्पूर्वीच, २०१६ मध्ये, तेथे पोहोचली होती. ज्या तीन नावांमधून एक निवडण्यासाठी तुलनापत्रके लिहिली गेली, ती तिन्ही नावे अखेर एकाच घरात नांदू लागली. मालकीच्या या उलथापालथीचा अंदाज वैशिष्ट्यांच्या यादीवरून बांधता येण्यासारखा नव्हता.

या अस्थिरतेवर उपाय म्हणून मानकांचा प्रयत्न झाला. जेएसआर १६८ हे २००३ मधील मानक पोर्टलातील लघु-आज्ञावली, म्हणजे पोर्टलेट, एका पोर्टलातून दुसऱ्यात नेण्यासाठी होते. आशय-कोशासाठी जेएसआर १७० हे मानक २००५ मध्ये आले. त्याचे नेतृत्व बाझेल येथील डे सॉफ्टवेअर या संस्थेकडे होते. २०१० मध्ये सीएमआयएस हे मानक मान्य झाले आणि त्याच वर्षी डे सॉफ्टवेअरही अडोबीने विकत घेतली. मानकांनी कोशाचे दार एकसारखे केले. परंतु आतील प्रत्येक रकान्याला संस्थेने दिलेला अर्थ मानकाच्या कक्षेबाहेरच राहिला.

मुक्त परवान्याच्या प्रणालींनी मालकीचा प्रश्न बराच सौम्य केला, पण स्थलांतर टळले नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे संकेतस्थळ ऑक्टोबर २००९ मध्ये द्रुपलवर गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसवर. ओबामा यांच्या काळातील संकेतस्थळ मात्र राष्ट्रीय अभिलेखागाराने स्वतंत्रपणे जतन केले असून ते आजही वाचता येते. क्लिंटन यांच्या काळातील संकेतस्थळाच्या पाच अवस्थाही तेथे उपलब्ध आहेत. प्रणाली बदलल्या, पण संहिता टिकली. कारण तिच्या जतनाची जबाबदारी प्रणालीवर न सोपविता वेगळ्या संस्थेवर सोपविलेली होती.

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला स्थान मिळाले होते. तरीही पुढे दीर्घकाळ अनेक मराठी संकेतस्थळांचा मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून राहिला. त्यात रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. 'किती' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अशा लेखनात व्यंजनाच्या आधी साठविली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर येते. अशी संहिता दुसऱ्या प्रणालीत जशीच्या तशी नेली, तरी ती शोधता वा वर्णानुक्रमे लावता येत नाही.

युनिकोड स्वीकारल्यानेही सारे साधते असे नाही. 'आचाऱ्याने' आणि 'आचार्याने' हे दोन भिन्न शब्द होत. पहिला स्वयंपाक करणाऱ्याविषयी, दुसरा गुरूविषयी. पहिल्यातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाने, अथवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. एखाद्या प्रणालीने स्थलांतराच्या वेळी अदृश्य चिन्हे निरर्थक समजून गाळली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला आचारी निमूटपणे आचार्य होतो. तुलनापत्रकात 'बहुभाषिक सोय' या ओळीसमोर होकार लिहिलेला असतो. त्या होकारात ही परीक्षा अंतर्भूत नसते.

यावरून निवडीचा क्रम कसा असावा, हे सुचते. प्रणाली काय करू शकते, याच्याआधी ती सोडताना संहिता कोणत्या रूपात हाती येईल, हे विचारले पाहिजे. तिच्यासोबत आवृत्त्या, लेखकांची नावे, दिनांक आणि परस्परसंबंध येतात काय, हे शे-दोनशे खऱ्या लेखांचे प्रत्यक्ष स्थलांतर करून पाहिले पाहिजे. आणि त्या लेखांत आचारी व आचार्य दोघेही असले पाहिजेत. जतनाचा भार कोणावर, हेही आरंभीच ठरविले पाहिजे. हा खटाटोप खर्चिक आहे आणि निर्णय त्याने लांबतो, हे खरे. परंतु विद्यापीठाचे शब्दकोश, हस्तलिखितसूची आणि प्रबंध यांचे आयुष्य कोणत्याही पोर्टलाहून दीर्घ असावयाचे आहे, आणि तुलनेचा पहिला निकष त्या आयुष्यावरूनच ठरावयास हवा.