डार्वेनची वर्गणी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आळींतील सात-आठ मुलें एका सायंकाळीं आमच्या दारीं आलीं. शेजारच्या जिल्ह्यांत फुटबॉलचे सामने होते. तेथवर जाण्याचें मोटारभाडें आणि एक नवा चेंडू यांसाठीं त्यांस वर्गणी हवी होती. वर्गणी आम्हीं दिली, परंतु तिच्याआधीं एक व्याख्यानहि दिलें. परीक्षा जवळ आल्या असतां हे उद्योग कशाला, आणि गांवाच्या पैशानें चेंडू लाथाडण्यांत गांवाचें हित तें काय, असा त्या व्याख्यानाचा मथितार्थ होता. मुलांनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें, पावती फाडून आमच्या हातीं दिली आणि तीं पुढच्या दारीं गेलीं.

इंग्लंडच्या एकोणिसाव्या शतकाचा इतिहास आम्ही पंचवीसहून अधिक वर्षें शिकवीत आलों आहों. मताधिकाराचे कायदे, धान्यावरील जकात, ग्लॅडस्टन आणि डिझरायली यांचे वाद हें सर्व आम्हांस मुखोद्गत आहे. परंतु त्याच इंग्लंडांतील एका गिरणीच्या गांवानें १८७९ सालीं आपल्या पोरांसाठीं वर्गणी जमविली होती, ही गोष्ट आम्हांस त्या सायंकाळीं आठवती, तर आम्हीं आपलें व्याख्यान आवरतें घेतलें असतें. वाचकांपुढें ती गोष्ट ठेवण्याचें हें एक कारण आहे. दुसरें कारण असें कीं, ती दिसते तितकी परकी नाहीं.

लँकेशायर परगण्यांत, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेस, उघड्या माळरानांच्या कुशींत डार्वेन हें गांव आहे. त्या काळीं त्याची वस्ती तीस हजारांच्या आंतच होती. १८६७ सालीं पुऱ्या झालेल्या एका गिरणीचें सुमारें ३०० फूट उंचीचें धुराडें हें त्या गांवाचें शिखर होय. आणि त्या गिरणीचें नांव ‘इंडिया मिल’! ब्लॅकबर्न आणि त्याच्या आसपासचीं गांवें आपल्या देशासाठीं कापड विणीत; त्यांत धोतरांचा भाग मोठा होता. आमच्या पणजोबांच्या अंगावरील धोतर आणि डार्वेनच्या विणकऱ्याच्या घरांतील भाकरी हीं एकाच धाग्याच्या दोन टोकांस बांधलेलीं होतीं.

या गांवांत फुटबॉल आला कसा? प्रथम तो गिरणीमालकांच्या घरांत आला. हॅरोसारख्या धनिकांच्या शाळांत शिकून परतलेल्या मुलांनीं तो या भागांत आणला. १८७० सालीं डार्वेनचा संघ निघाला, आणि लौकरच तो खेळ मालकांच्या मुलांकडून मजुरांच्या मुलांकडे गेला. यास एक कायदाहि कारण झाला. १८५० च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबूं लागलें, आणि त्यांच्यावांचून गिरणी चालत नसल्यानें बाकीच्यांसहि ती सवड मिळूं लागली. त्या अर्ध्या दिवसाच्या सुटींतून लँकेशायरचा फुटबॉल जन्मास आला. विश्रांतीचे चार तास मिळतांच मजूर काय करतो, या प्रश्नास मद्यपान हें एकच उत्तर ठाऊक असलेल्या नीतिमार्तंडांस हें दुसरें उत्तर अनपेक्षित होतें.

१८७८-७९ च्या हंगामांत डार्वेनचा संघ इंग्लिश चषकाच्या सामन्यांत एकेक फेरी जिंकीत पुढें गेला व त्याची गांठ ‘ओल्ड इटोनियन्स’ या संघाशीं पडली. ईटनच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या सरदारांचा आणि धनिकांचा हा संघ. पुढें फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष झालेले लॉर्ड किनेअर्ड हे त्याच संघाचे. सामना लंडनच्या ओव्हल मैदानावर, १३ फेब्रुवारी १८७९ रोजीं, गुरुवारीं होता. म्हणजे दोनशें मैलांचा प्रवास, त्याचें भाडें, आणि वर कामाच्या दिवसाची बुडालेली मजुरी! इटोनियन्सना यांतील कांहींच सोसावयाचें नव्हतें; लंडन हें त्यांचें घरच होतें.

खेळ संपावयास पाव तास उरला तेव्हां इटोनियन्सचे पांच गोल झाले होते व डार्वेनचा एक. प्रेक्षकांनीं निकाल मनांत लिहूनहि टाकला असेल. परंतु उरलेल्या वेळांत गिरणीच्या पोरांनीं चार गोल केले आणि सामना पांच-पांच असा बरोबरींत सुटला. डार्वेनकर जादा वेळ खेळावयास सिद्ध होते; इटोनियन्सनीं नकार दिला. नियमाप्रमाणें सामना पुन्हा खेळावयाचा, आणि तोहि लंडनमध्येंच!

खरी कसोटी येथें होती, आणि ती मैदानावर नव्हे, गांवांत होती. आदल्याच वर्षीं, १८७८ च्या उन्हाळ्यांत, त्या भागांतील विणकऱ्यांची मजुरी मालकांनीं शेंकडा दहा कमी केली होती. कित्येक आठवडे संप झाला, ब्लॅकबर्नमध्यें दंगे झाले, आणि शेवटीं कामगारांस हार खाऊन कमी मजुरीवरच कामावर परतावें लागलें. अशा वेळीं त्या गांवानें आपल्या संघाच्या प्रवासासाठीं वर्गणी उभी केली. ती सुमारें १७५ पौंड भरली. एका पौंडाचे २४० पेनी. म्हणजे तो फंड ४२,००० पेनींचा झाला. त्यांत श्रीमंतांचा वांटा असणारच. तरी मजुरी कापली गेलेल्या गांवांत हा आंकडा काय बोलतो, हें सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. इतिहासाचीं पुस्तकें संपाची हार नोंदवितात; त्याच गांवानें नऊ-दहा महिन्यांच्या आंत आपल्या मुलांस ताठ मानेनें लंडनला धाडलें, हें तीं नोंदवीत नाहींत.

८ मार्च रोजीं पुन्हा सामना झाला. जादा वेळ खेळूनहि दोन-दोन अशी बरोबरीच राहिली. १५ मार्च रोजीं तीच मंडळी तिसऱ्यांदा लंडनला गेली, आणि थकलेल्या डार्वेनचा सहा विरुद्ध दोन असा पराभव झाला. चषक त्या वर्षीं इटोनियन्सनींच जिंकला. परंतु पुढें चारच वर्षांनीं, ३१ मार्च १८८३ रोजीं, शेजारच्या ब्लॅकबर्नच्या ऑलिंपिक संघानें, म्हणजे विणकर, नळकारागीर, ओतारी अशा मंडळींनीं, याच इटोनियन्सना अंतिम सामन्यांत दोन विरुद्ध एक असें हरविलें. डार्वेननें ढिला केलेला दगड ब्लॅकबर्ननें पाडला, असें म्हणतां येईल.

येथवर कथा गोड आहे. ती येथेंच संपविली, तर मात्र आम्ही इतिहासाचे अध्यापक न राहतां कीर्तनकार ठरूं. डार्वेनच्या संघांत फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह हे दोन स्कॉटिश खेळाडू होते. सूटर हा पाथरवट. लँकेशायरचा दगड फार कठीण लागतो, असें सांगून त्यानें आपला धंदा सोडला. त्याचें पोट मग कशावर चालत होतें, हें सर्वांस ठाऊक होतें व कोणी बोलत नव्हतें. कारण खेळण्याचे पैसे घेणें तेव्हां नियमबाह्य होतें. पैसे घेतल्यानें खेळ भ्रष्ट होतो, असें सभ्य गृहस्थांचें मत होतें. हें मत उदात्त खरें. परंतु ज्याची मजुरी बुडत नाहीं त्यालाच मजुरीचा तिटकारा परवडतो, हेंहि तितकेंच खरें. १८८५ सालीं असोसिएशनला धंदेवाईक खेळाडूंस मान्यता द्यावी लागली.

पण हा न्याय डार्वेनला मानवला नाहीं. सूटर १८८० सालींच ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला आणि त्यानें त्या संघासह चषक तीनदां जिंकला. लव्ह सैन्यांत शिरून १८८२ सालीं इजिप्तमध्यें मरण पावला. १८९१ सालीं डार्वेनला फुटबॉल लीगमध्यें प्रवेश मिळाला; पण पैशाच्या त्या शर्यतींत लहान गांवाचा दम टिकला नाहीं. १८९२ सालीं एका सामन्यांत बारा विरुद्ध शून्य असा पराभव झाला. १८९८-९९ च्या हंगामांत सलग १८ सामने हरून संघ लीगमधून बाहेर पडला. त्यानंतर लहानसहान सामने खेळत तो शतकाहून अधिक काळ जगला, आणि २००९ सालीं कर्जापायीं बुडाला. त्याच वर्षीं गांवकऱ्यांनीं नवा संघ उभा केला. ज्या हक्कासाठीं मजुरांच्या गांवांनीं झुंज दिली, तोच हक्क मोठ्या शहरांच्या पदरीं पडला आणि गांवें मागें राहिलीं. इतिहासाच्या अशा हिशेबांत दोष एकाच्या माथीं मारतां येत नाहीं.

मग त्या ४२,००० पेनी व्यर्थ गेल्या काय? याचें उत्तर शोधतांना आम्हांस डार्वेनचा दुसरा एक प्रसंग आठवतो. १९३१ च्या सप्टेंबरांत, गोलमेज परिषदेच्या वेळीं, महात्मा गांधी डार्वेनच्या स्प्रिंग व्हेल भागांत उतरले होते. परदेशी कापडावरील बहिष्कारानें लँकेशायरची काय दशा झाली, हें त्यांस प्रत्यक्ष पाहावयाचें होतें. ज्याच्या शब्दानें आपली चूल थंडावली त्याला त्या गांवानें दगड मारावयास हवे होते. तेथील गिरणीकामगार स्त्रियांनीं त्याला वेढून आनंदानें जयघोष केला. त्या वेळचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजींनीं आपल्या देशाचें दारिद्र्य त्यांच्या बेकारीहून किती खोल आहे, हें तेथें न कचरतां सांगितलें, आणि लोकांनीं तें ऐकून घेतलें. फुटबॉलमुळें तें गांव उदार झालें, असा दावा आम्ही करणार नाहीं. त्यास पुरावा नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, दुःखांतहि एकत्र उभें राहण्याची संवय ज्या गांवास असते, त्यास परक्याचें दुःख ऐकण्याइतकें बळ उरतें. आणि ती संवय व्याख्यानानें लागत नाहीं.

आपल्या कोल्हापुरांत पेठापेठांच्या तालमी फुटबॉलचे संघ चालवितात आणि त्यांच्या सामन्यांस सारें शहर लोटतें, हें सर्वश्रुत आहे. तेथें संघ हा पेठेचा असतो. हरला तरी पेठेचाच राहतो. संघ विकत घेणारा धनी संघ विकूंहि शकतो. वर्गणी देणाऱ्यास तो विकतां येत नाहीं, म्हणून तो त्याचाच राहतो. हा भेद डार्वेनच्या विणकऱ्यास शिकवावा लागला नाहीं. तो आम्हांस कळावयास मात्र पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या आळींतील मुलें त्या सामन्यांत पहिल्याच फेरींत हरलीं, असें मागाहून कळलें. त्यांनीं तें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि त्यांचा काय दोष? परवां त्या वेळची पावती एका पुस्तकांत खुणेसाठीं घातलेली सांपडली. तिच्यावर आमचें नांव, दिलेली रक्कम आणि खालीं, मुलाच्या वळणदार नसलेल्या अक्षरांत, ‘आभारी आहोंत’ असे दोन शब्द आहेत. यंदा तीं पुन्हा येतील कीं नाहीं, ठाऊक नाहीं. न आलीं, तर मैदानावर जाऊन आम्हींच वर्गणी द्यावी, असें ठरविलें आहे. व्याख्यान घरीं ठेवून.