स्टेपनी

गेल्या महिन्यात अमेरिकेतून नातीचा फोन आला. गाडीचे चाक पंक्चर झाले म्हणून तिने तिथल्या गॅरेजला फोन लावला आणि "स्टेपनी आहे, पण बदलता येत नाही" असे सांगितले. पलीकडच्या माणसाला वाटले, स्टेपनी हे गाडीत बसलेल्या कुणा व्यक्तीचे नाव असावे! "आजोबा, मला तर तो इंग्रजी शब्द वाटत होता," ती म्हणाली. आम्ही दोघेही हसलो. पण पस्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाच्या डोक्यातून असा शब्द सहजासहजी जात नाही.

शब्द आहे इंग्रजांच्याच मुलखातला, पण आता तिथेच कुणाच्या तोंडी नाही. वेल्समध्ये लानेल्ली नावाचे गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर लोखंडी सामानाच्या धंद्यातल्या थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी भावाच्या साथीने १९०४ साली एक युक्ती काढली. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे. चाके लाकडी आऱ्यांची, आसाला पक्की बसवलेली. पंक्चर झाले की रस्त्यातच टॉमीने टायर उचकटायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरायची. रस्ते मुख्यतः घोड्यांचे, त्यामुळे नालांच्या खिळ्यांची कमी नव्हती. डेव्हिस यांनी काय केले, तर आरे नसलेली नुसती रिम घेतली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवला आणि ती रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडींनी अडकवता येईल अशी केली. जुने चाक जागच्या जागीच, शेजारी नवे. गाडी घरापर्यंत पोहोचली म्हणजे झाले.

पुढे थोड्याच वर्षांत अख्खे चाकच काढता-घालता येऊ लागले आणि ही पकडींची रिम मागे पडली. वस्तू गेली, तिचे नाव मात्र आपल्याकडे राहिले. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, ते याच गल्लीवरून. आमच्या शाळेत रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला ज्याला पाठवत, त्यालाही स्टेपनीच म्हणत. मी पुष्कळदा स्टेपनी झालो आहे. असो.

मुळात हवेचा टायरही दोनदा शोधला गेला. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच त्याचे पेटंट घेतले होते. पण तेव्हा ना सायकल होती ना मोटार. लोक विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तिचाकी सायकलसाठी तो पुन्हा केला आणि नाव त्याचे झाले. इतिहासात असे नेहमी होते.

आता आमच्या रस्त्याकडे येतो. रांजणगावच्या महागणपतीच्या समोरून जो पुणे-नगर रस्ता जातो, (नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर), त्याच मार्गावर १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली. योगायोग असा की फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट १९४६ साली घेतले आणि त्यानंतर लवकरच तो बाजारात आणला. म्हणजे आज आपल्या गाड्यांना जो टायर असतो, तो आणि आपली एसटी साधारण एकाच वयाचे! आज इथल्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे, २०१७ पासून जीप कंपास गाडी इथे तयार होते. मोटारी तयार करणाऱ्या गावात राहून चाक बदलता न येणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत.

चाक बदलणे मी शिकलो ते १९९१ साली, याच रस्त्यावर. शाळेच्या कामासाठी आम्ही तिघे शिक्षक भाड्याच्या अँबॅसडरने नगरला निघालो होतो. सुपे सोडल्यावर मागचे चाक बसले. चालक तरुण पोरगा. बाहेर उन्हाचा तडाखा, म्हणून आम्ही तिघे गाडीतच बसून राहिलो. त्याने मुरमाच्या कडेवर जॅक लावला, गाडी उचलली, नट काढले, चाक बाहेर ओढले. तेवढ्यात माझ्या शेजारचे गृहस्थ पाणी घ्यायला वाकले असतील नसतील, गाडी हलली, जॅक आडवा झाला आणि ब्रेकचा ड्रम धाडकन मुरमात रुतला. पोराने हात त्याच क्षणी बाहेर काढला होता. तो पांढराफटक पडलेला चेहरा मला अजून दिसतो. चूक त्याची थोडी आणि आमची जास्त.

मागून आलेली एसटी थांबली. तिचा चालक पन्नाशीचा, खाकी कपड्यातला. त्याने आम्हाला आधी गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर बाभळीखाली उभे केले. मग पुढच्या चाकांना दगड लावले, आपला जॅक आणला, खाली फळी टाकली. काम करता करता पोराला म्हणाला, "आधी दगड, मग नट, मग जॅक." एवढेच.

या क्रमातच सगळे आहे. गाडी सपाट आणि टणक जागी, रस्त्याबाहेर घ्यायची. हँडब्रेक ओढायचा, गियरमध्ये ठेवायची, चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, लाल त्रिकोण निदान पन्नास पावले मागे मांडायचा. हायवेवर त्याहूनही लांब. दगड लावायचा तो उचलणार नाही त्या टोकाच्या चाकाला. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. चाक वर उचलल्यावर जोर लावला की चाक फिरते आणि गाडी जॅकवरून डुलते. जॅक लागतो तो फक्त कंपनीने खूण केलेल्या जागी. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवायचे, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसते, माणसाच्या हातावर नाही. नवे चाक चढवल्यावर नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळायचे. नाहीतर चाक तिरपे बसते. शेवटचा जोर चाक खाली टेकल्यावर. आणि चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचे. पान्यावर उभे राहून उड्या मारणारे वीर मी पाहिले आहेत. त्याने बोल्ट तुटतो.

त्या दिवशी चाक चढवून झाले आणि मग कळले, की स्टेपनीतही हवा निम्मीच आहे. नगरपर्यंत बैलगाडीच्या वेगाने गेलो.

नातीला हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, तिच्या नव्या मैत्रिणीच्या गाडीत तर स्टेपनीच नाही, पंक्चरचे सामान आणि छोटा पंप दिलेला आहे. आपल्याकडेही २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल होऊन ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. म्हणजे आता वस्तू दुसऱ्यांदा जाणार. नाव राहते की नाही, बघायचे.

फोन ठेवल्यावर मी आमच्याच गाडीची डिकी उघडली. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या स्टेपनीवर होते ३९११. म्हणजे २०११ सालचा एकोणचाळिसावा आठवडा. गाडी त्याच दिवाळीला घेतली होती. नक्षी अगदी कोरी, एकदाही रस्त्याला न लागलेली. पण रबर न वापरताही म्हातारे होते. बाजूला नखाएवढ्या बारीक भेगा, आणि हवा जवळपास नाहीच.

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने चाक फिरवून बघितले, भेगांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सर, दिसायला नवं आहे, पण हे आमच्या धाकट्याहून मोठं आहे." मग त्याने आत जाऊन नवा टायर आणला आणि मी न विचारताच त्याच्यावरचे आकडे मला वाचून दाखवले.